रक्तातील प्रथिनांचा माग

राळेगाव तालुका कापसाचा. निंदण, फवारणी, वेचणी, गाठोडी वाहणे ही सगळी कामे शेवटी कमरेवर आणि पाठीवर येतात. त्यामुळे साठी उलटलेल्या माणसाची कंबर दुखू लागली तर त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. बाम चोळला जातो, दुकानातून दुखण्याची गोळी आणली जाते आणि माणूस पुन्हा शेतात जातो. बहुतेक वेळा हे दुखणे खरोखरच कष्टाचे असते. क्वचित मात्र ते हाडाच्या आत, अस्थिमज्जेत वाढणाऱ्या एका कर्करोगाचे असते. या कर्करोगाचे नाव मल्टिपल मायलोमा.

याच तालुक्यात हाडांच्या दुखण्याचे आणखी एक कारण आढळते, आणि ते लहान वयात आढळते. कोलाम, गोंड, परधान या समाजांतील, तसेच इतरही काही समाजांतील मुलांचे हातपाय अधूनमधून असह्य दुखतात. त्यामागे सिकलसेल हा जन्मजात आजार असू शकतो.

हे दोन्ही आजार एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. एक उतारवयातला, दुसरा जन्मापासूनचा. एक सहसा वारशाने येत नाही, दुसरा आईवडिलांकडूनच येतो. तरीही त्यांना जोडणारा एक धागा आहे. दोन्हींची ओळख रक्तातील एका प्रथिनावरून पटते आणि ते प्रथिन डोळ्यांना दाखवणारी पद्धतही मुळात एकच आहे. फरक आहे तो खुणेच्या स्वभावात. सिकलसेलचे प्रथिन ही ओळख सांगणारी खूण आहे. ती एकदा नीट पाहिली की काम झाले. मायलोमाचे प्रथिन आजाराबरोबर वाढते आणि उपचाराबरोबर घटते. म्हणून ते एकदा पाहून भागत नाही, त्याचा माग काढावा लागतो. माग काढण्याची ही कला वैद्यकाला कशी साधली, हे पाहण्यासारखे आहे.

एका बाटलीतील कोडे

ही कहाणी सुरू होते १८४५ साली लंडनमध्ये. थॉमस मॅक्बीन नावाचे एक व्यापारी वर्षभर छातीच्या आणि पाठीच्या दुखण्याने हैराण झाले होते. डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी त्यांची लघवी तपासली. त्या काळी लघवीत प्रथिन आहे का हे पाहण्याची रीत सोपी होती. परीक्षानळीत लघवी तापवायची. अंड्याचा पांढरा बलक जसा तापल्यावर गोठतो, तसे लघवीतील अल्ब्युमिन गोठते आणि द्रव गढूळ होतो. मूत्रपिंडे बिघडली असल्याची ती खूण मानली जाई.

मॅक्बीन यांच्या लघवीने मात्र हा नियम मोडला. तिच्यात प्रथिन तर होते, पण गोठलेले प्रथिन उकळत्या तापमानाला पुन्हा विरघळून जाई आणि द्रव थंड झाला की परत दिसू लागे. उकडलेले अंडे आणखी उकळल्यावर पातळ झाल्याचे कोणी पाहिले आहे काय? मॅकिन्टायर आणि त्यांचे सहकारी डॉ. थॉमस वॉटसन यांनी हा नमुना सेंट जॉर्ज रुग्णालयातील एका तरुण वैद्याकडे पाठवला. रसायनशास्त्रात मुरलेल्या या वैद्याचे नाव होते हेन्री बेन्स जोन्स.

मायकेल फॅरडे यांचे चरित्र लिहिणारे ते हेच. हे चरित्र १८७० साली प्रसिद्ध झाले. बेन्स जोन्स यांनी नमुना केवळ गुणधर्मांसाठी तपासला नाही, तर त्याचे मोजमाप केले. रुग्णाच्या शरीरातून दररोज ६० ग्रॅमहून अधिक प्रथिन बाहेर पडत होते. सुमारे १० कोंबडीच्या अंड्यांत असते तेवढे हे प्रथिन. १ जानेवारी १८४६ रोजी मॅक्बीन वारले. शवविच्छेदनात त्यांच्या बरगड्या इतक्या मऊ आढळल्या, की त्या सुरीने सहज कापता येत होत्या.

बेन्स जोन्स यांनी १८४७ आणि १८४८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाडे मऊ पडण्याच्या रोगात हे प्रथिन पुन्हा शोधले पाहिजे, असे त्यांनी सुचवले. कर्करोगाची रासायनिक खूण शरीरातील द्रवात शोधावी, या विचाराची ही पहिली पायरी म्हणता येईल. प्रथिनाला पुढे नाव बेन्स जोन्स यांचेच मिळाले. त्याचा विचित्र गुणधर्म प्रथम हेरणारे मॅकिन्टायर यांचा लेख १८५० साली, म्हणजे त्यांच्यानंतर आला.

प्रथिन कोणाचे?

खूण सापडली, पण ती ठेवतो कोण हे कळले नव्हते. १८७३ साली रुस्टिट्स्की यांनी अस्थिमज्जेत अनेक ठिकाणी गाठी करणाऱ्या या रोगाला मल्टिपल मायलोमा असे नाव दिले. १८८९ साली प्राग येथील ओटो काहलर यांनी एका डॉक्टर रुग्णाचे सविस्तर वर्णन केले आणि हाडे, अशक्तपणा व लघवीतील प्रथिन यांची सांगड पक्की झाली. १९०० साली अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की या गाठी प्लाझ्मा पेशींच्या असतात.

प्लाझ्मा पेशी निरोगी शरीरात काय करतात, हे तेव्हा ठाऊक नव्हते. ते उत्तर मिळायला आणखी अर्धे शतक लागले. १९४८ साली स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड फाग्रेयस यांनी दाखवून दिले, की जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे या पेशी तयार करतात. मग संशयाची सुई प्रतिपिंडांकडे वळणे साहजिक होते. पण त्याआधीच एका यंत्राने हा संबंध सूचित केला होता.

विजेची ओढ

रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर द्रव उरतो त्याला सीरम म्हणतात. त्यात शेकडो प्रथिने एकत्र विरघळलेली असतात. ती वेगळी कशी करावीत? प्रत्येक प्रथिनावर थोडाफार विद्युतभार असतो आणि तो प्रथिनागणिक वेगळा असतो. सीरममधून विजेचा प्रवाह सोडला तर ही प्रथिने वेगवेगळ्या गतीने सरकतात. या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात आर्ने टिसेलियस यांनी १९३७ साली यासाठी उत्तम यंत्र बनवले. त्यात सीरमची प्रथिने अल्ब्युमिन आणि आल्फा, बीटा, गॅमा या गटांत विभागलेली दिसली. या कामासाठी त्यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३९ साली त्यांनी आणि एल्विन कबात यांनी प्रतिपिंडे मुख्यतः गॅमा गटात असल्याचे दाखवले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लाँग्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायलोमाच्या रुग्णांचे सीरम या यंत्रात घातले. निरोगी माणसाच्या आलेखात गॅमा गटाची जागा पसरट टेकडीसारखी असते. येथे मात्र देवळाच्या कळसासारखे उंच, अरुंद शिखर उभे राहिले.

हे शिखर अरुंद का? पंढरीच्या वाटेवरची दिंडी डोळ्यांपुढे आणावी. तरुण पुढे जातात, म्हातारे मागे राहतात, लेकुरवाळ्या आणखी मागे. सकाळी एकत्र निघालेली माणसे संध्याकाळी कोसभर रस्त्यावर पसरलेली असतात. निरोगी माणसाची प्रतिपिंडे अशीच असतात. असंख्य प्रकारची, प्रत्येकाचा विद्युतभार किंचित वेगळा, म्हणून पट्टा रुंद. पण चालणाऱ्या साऱ्यांची चाल अगदी सारखी असेल, तर घोळका संध्याकाळीही घोळकाच राहील. मायलोमातील प्रथिन असे एकाच चालीचे असते, कारण त्याचा प्रत्येक रेणू एकाच नमुन्याचा असतो. एक प्लाझ्मा पेशी बिघडते, तिची संतती बेसुमार वाढते आणि सारी संतती तेच एक प्रतिपिंड बनवत राहते. एकाच पेशीच्या वंशाचे हे प्रथिन आणि अनेक वंशांची सरमिसळ यांतील फरक स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९६० च्या सुमारास ठळकपणे मांडला. या शिखराला आज एम-प्रथिन म्हणतात.

विदर्भातील पट्टे

टिसेलियस यांचे यंत्र खोलीभर जागा घेणारे आणि महागडे होते. १९४९ साली लायनस पॉलिंग यांच्या गटाने त्याच पद्धतीने सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन तपासले आणि ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते असे दाखवले. एखादा आजार एका रेणूच्या बिघाडाने होतो, हे त्यामुळे प्रथमच सिद्ध झाले. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा बिघाड एका अमिनो आम्लापुरता असल्याचे शोधले. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, एवढाच तो फरक.

१९५० च्या आसपास हीच क्रिया ओल्या कागदाच्या पट्टीवर करता येऊ लागली आणि चित्र पालटले. कागदाची पट्टी, क्षारयुक्त द्रावण, विजेची सोय आणि एक रंग एवढ्यावर काम भागू लागले. पुढे कागदाची जागा सेल्युलोज अ‍ॅसिटेटने घेतली. जे मोठ्या संस्थांतच शक्य होते, ते जिल्ह्याच्या ठिकाणी करता येण्याजोगे झाले.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत झाली. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विदर्भातला हा प्रश्न जगापुढे आला तो असा. नंतर पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांच्यासारख्या संशोधकांनी राज्यातील आदिवासी समाजांत वर्षानुवर्षे पाहण्या केल्या. १ जुलै २०२३ रोजी तर सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानच सुरू झाले.

सिकलसेलच्या पट्टीवर वाहकाचे दोन ठळक पट्टे दिसतात, एक नेहमीच्या हिमोग्लोबिनचा आणि एक सिकलचा. रुग्णाच्या पट्टीवर नेहमीच्या हिमोग्लोबिनचा पट्टा नसतो. रक्त भरले किंवा औषधे दिली तर पट्ट्यांचे प्रमाण बदलते, पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे उत्तर जन्मभर तेच राहते. म्हणून सिकलसेलचे ओळखपत्र एकदा मिळाले की ते लग्न ठरवतानाही उपयोगी पडते. मायलोमाला असे ओळखपत्र देता येत नाही. त्याच्यासाठी हवी ती वही, तारीखवार नोंदींची.

११७ वर्षांनी उत्तर

आता बाटलीतल्या कोड्याकडे परत येऊ. प्रतिपिंडाचा रेणू इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. त्यात दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात. १९५६ साली कॉर्नगोल्ड आणि लिपारी यांनी बेन्स जोन्स प्रथिनाचे दोन प्रकार असल्याचे दाखवले. कप्पा आणि लॅम्डा ही त्यांची नावे या दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून आली. १९६२ साली जेराल्ड एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी मायलोमाच्या रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडापासून हलक्या साखळ्या सुट्या केल्या आणि त्या तापवून पाहिल्या. त्या आधी गढूळ झाल्या, उकळल्यावर विरघळल्या, थंड झाल्यावर पुन्हा दिसल्या. १८४५ चे कोडे ११७ वर्षांनी सुटले. बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाच्या सुट्या हलक्या साखळ्या. रेणू लहान असल्यामुळे त्या मूत्रपिंडातून गळून लघवीत उतरतात आणि फार झाल्या की मूत्रपिंडाच्या नलिकाच बुजवून टाकतात.

या आजाराने विज्ञानाला भरपूर परतफेड केली. निरोगी रक्तातून एकाच प्रकारचे प्रतिपिंड वेगळे करणे तेव्हा अशक्यप्राय होते. मायलोमाच्या रुग्णाच्या शरीरात मात्र ते आयते शुद्ध स्वरूपात मिळे. प्रतिपिंडाची रचना कळली ती बरीचशी त्यामुळे. एडलमन आणि रॉडनी पोर्टर यांना त्याबद्दल १९७२ चे नोबेल मिळाले. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या मायलोमा पेशींचा प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींशी संकर केला आणि हवे ते प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची वाट मोकळी झाली. मायलोमावर आज जी प्रतिपिंड-औषधे वापरतात, ती याच वाटेने आली आहेत.

किती आणि कधी

प्रथिनाचे प्रमाण पेशींच्या संख्येशी निगडित असेल, तर प्रथिन मोजून पेशींचा अंदाज करता येईल, हा पुढचा विचार. १९७५ साली ड्यूरी आणि सॅल्मन यांनी एम-प्रथिन, हिमोग्लोबिन, कॅल्शियम आणि हाडांची क्ष-किरण चित्रे यांवरून आजाराच्या तीन पायऱ्या ठरवल्या. २००५ साली याहून सोपी पद्धत आली. तीत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन या रक्तातील दोनच प्रथिनांवरून पायरी ठरते.

नव्या औषधांची परीक्षाही याच खुणेने झाली. गर्भातील बाळांना व्यंग आणणारे म्हणून १९६०-६२ च्या सुमारास बदनाम झालेले थॅलिडोमाइड १९९९ साली मायलोमावर उपयोगी ठरले. सीमा सिंघल आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांच्या त्या अभ्यासात इतर उपचार थकलेले ८४ रुग्ण होते. त्यांपैकी ३२ टक्क्यांना गुण आला. ‘गुण आला’ म्हणजे काय, तर रक्तातील एम-प्रथिन किंवा लघवीतील बेन्स जोन्स प्रथिन किमान एक चतुर्थांशाने घटले. रुग्णाला कसे वाटते याबरोबरच मोजता येणारा एक आकडा हाताशी होता, म्हणून हा निष्कर्ष ठामपणे काढता आला.

आकडा वाचताना एक साधे गणित लक्षात ठेवावे लागते. एम-प्रथिन बहुधा आयजीजी जातीचे असते आणि या जातीचे अर्धायुष्य सुमारे ३ आठवडे असते. समजा, एखाद्या रुग्णाचे एम-प्रथिन दर डेसिलिटरला ४ ग्रॅम आहे आणि औषधाने सर्व रोगट पेशींचे काम एका दिवसात थांबले. तरी ३ आठवड्यांनी रक्तात २ ग्रॅम उरतील, ६ आठवड्यांनी १ ग्रॅम. म्हणजे पंधरा दिवसांत आकडा फारसा उतरला नाही म्हणून औषध निकामी ठरत नाही. सुट्या हलक्या साखळ्यांचे अर्धायुष्य मात्र काही तासांचेच असते. २००१ साली इंग्लंडमधील ब्रॅडवेल यांच्या गटाने या साखळ्या रक्तातच मोजण्याची चाचणी दिली, तेव्हा औषधाचा परिणाम कितीतरी लवकर दिसू लागला. कप्पा आणि लॅम्डा यांचे परस्पर प्रमाण निरोगी माणसात साधारण ०.२६ ते १.६५ असते. ते फार एकीकडे झुकले तर एकाच वंशाच्या पेशी माजल्याचा संशय घ्यावा.

खूण म्हणजे आजार नव्हे

या खुणेच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. एम-प्रथिन दिसले म्हणजे कर्करोग झालाच असे नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रॉबर्ट काइल यांनी १९७८ साली अशा माणसांचे वर्णन केले, ज्यांच्या रक्तात थोडे एम-प्रथिन असते पण आजार काहीच नसतो. तेथील पाहणीत पन्नाशीपुढील सुमारे ३ टक्के लोकांत ते आढळले. त्यांपैकी दरवर्षी साधारण १ टक्का लोकांनाच पुढे मायलोमा किंवा तत्सम आजार होतो. बाकीच्यांना उपचार लागत नाहीत, अधूनमधून तपासणी पुरते.

उलट, थोड्या रुग्णांत मायलोमा असूनही पेशी प्रथिन बाहेर सोडत नाहीत. तेथे अस्थिमज्जेची तपासणी आणि हाडांची चित्रेच कामी येतात. आणखी एक खाचखळगा व्यवहारातला आहे. लघवी तपासण्याची हल्लीची रंग बदलणारी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. बेन्स जोन्स प्रथिन तिला सहसा दिसत नाही. ‘लघवीत प्रथिन नाही’ असा निर्वाळा तिने दिला, तरी मॅक्बीन यांच्यासारखा रुग्ण सुटून जाऊ शकतो.

शिक्षकांसाठी

गावात दवाखान्याचा कागद वाचून दाखवण्याचे काम पुष्कळदा शिक्षकाकडे येते. म्हणून काही गोष्टी माहीत असाव्यात. उतारवयात पाठीचे किंवा बरगड्यांचे दुखणे आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जोडीला रक्त कमी झाले असेल, थकवा, फार तहान, बद्धकोष्ठ, वारंवार ताप किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडणे असेल, तर दुखणे कष्टाचे म्हणून सोडू नये. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि सीरम प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. रक्ताचा नमुना गावाजवळ घेऊन पुढे पाठवता येतो. दरम्यान दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणे टाळावे, कारण या आजारात आधीच धोक्यात असलेल्या मूत्रपिंडांना त्या आणखी इजा करतात. निदान झाल्यावर सर्व अहवाल तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावावेत आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी. एका अहवालापेक्षा पाच अहवालांची रांग डॉक्टरांना जास्त सांगते.

वर्गात यातले बरेच दाखवता येते. अंड्याचा पांढरा बलक पाण्यात चिमूटभर मीठ घालून मिसळावा, फडक्यातून गाळावा आणि परीक्षानळीत हळूहळू तापवावा. द्रव गढूळ होतो आणि उकळला तरी निवळत नाही. मग मुलांना विचारावे, की हा गढूळपणा उकळल्यावर नाहीसा झाला असता तर तुम्ही काय म्हणाला असता? टीपकागदावर शाईचा ठिपका ठेवून कागदाचे टोक पाण्यात बुडवले तर शाईतले रंग वेगळे होतात. येथे वीज नसते, पण निरनिराळ्या चालीने घटक वेगळे होतात ही कल्पना पोचते. दहावीच्या मुलांना अर्धायुष्याचा आलेख काढायला द्यावा. ४, २, १, अर्धा असे बिंदू जोडताना किरणोत्सारी मूलद्रव्यांचे गणित एका माणसाच्या रक्तालाही लागू पडते, हे त्यांना आपोआप कळेल.